थोरल्याच्या मापाचा गुप्तहेर

आमच्या घरात एखादा सिनेमा सलग आणि शांतपणे पाहणे हे सत्यनारायणाच्या पूजेपेक्षा अवघड काम आहे, कारण पूजेला जमलेल्या प्रत्येकाला कथा पाठ असली तरी साधुवाण्याच्या नौकेचे पुढे काय होते, हे पोथी वाचणाऱ्याला मध्येच थांबवून कोणी सांगत नाही. सिनेमाच्या बाबतीत ही मर्यादा कोणी पाळत नाही. त्यातून सिनेमा १९६७ सालचा, इटलीत तयार झालेला आणि हेरगिरीचा असेल, आणि सोफ्यावर शेजारी दोन दिवसांच्या मुक्कामाला आलेला थोरला भाऊ बसलेला असेल, तर सोसण्याला सीमा राहत नाही.

दादाचे जेम्स बाँडवर नुसते प्रेम आहे असे म्हटले तर तो रागावेल. पडद्यावर बाँड साकारणाऱ्या शॉन कॉनरीनंतर आलेल्या सगळ्या बाँडना तो ‘हंगामी कर्मचारी’ म्हणतो. अशा माणसासमोर मी ‘ओके कॉनरी’ लावला, त्यात थोडा खोडसाळपणा होता हे कबूल. पण तो सिनेमा मला मनापासून आवडतो, आणि का आवडतो ते समजायला माणूस घरात धाकटा म्हणून जन्मावा लागतो.

या सिनेमाचा नायक नील कॉनरी हा शॉन कॉनरीचा सख्खा धाकटा भाऊ. शॉनचा जन्म १९३०चा, नीलचा १९३८चा, आणि दोघेही एडिंबराचे. थोरला पडद्यावर अर्धे जग पालथे घालत होता तेव्हा धाकटा एडिंबरात भिंतींना गिलावा करीत होता. एकदा हत्यारे हरवली म्हणून त्याची नोकरी गेली आणि त्याची चक्क बातमी झाली, असे सांगतात. एरवी थापी-गुरमाळा हरवलेल्या कारागिराकडे मुकादमसुद्धा ढुंकून पाहत नाही, पण हा कोणाचा भाऊ आहे हे कळल्यावर थापीलाही वजन येते. पुढे डारिओ साबातेल्लो या इटालियन निर्मात्याने त्याला थेट नायकच केले. ते दिवसच तसे होते. १९६४ साली ‘गोल्डफिंगर’ या बाँडपटाने खोऱ्याने पैसा ओढल्यावर इटली, स्पेन, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीतल्या निर्मात्यांनी गुप्तहेरांची अशी लावणी केली की पुढची तीन-चार वर्षे युरोपातल्या प्रत्येक हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी एक तरी हेर मरून पडलेला सापडावा. त्या गर्दीत साबातेल्लोचा हिशेब बिनचूक होता. शॉन परवडत नाही, पण आडनाव परवडते.

“हा कोण?” नायक पडद्यावर येताच दादाने विचारले.

“शॉन कॉनरीचा भाऊ.”

“पण नाव काय त्याचं?”

मी नाव सांगितले. दोन मिनिटांनी दादाने पुन्हा “हा शॉनचा भाऊ काही जमत नाही बुवा” असे म्हटले, आणि माझ्या पोटात शाळेतली जुनी कळ उठली. दादा माझ्यापुढे सहा इयत्ता होता. दर जूनमध्ये नवे शिक्षक हजेरी घेताना माझ्या आडनावाशी थबकत, चष्म्यावरून पाहत आणि “तू त्याचा भाऊ का रे?” असे विचारत; वर्षाअखेरीस माझी गुणपत्रिका पाहून तोच प्रश्न पुन्हा विचारत, फक्त सूर बदललेला असे. या सिनेमातही धाकट्याची यातून सुटका नाही. त्याला भेटणारी माणसे येता-जाता त्याच्या भावाची आठवण काढतात, भावाचे नाव मात्र सांभाळून टाळतात, आणि नील बिचारा दाढीआडून ओशाळे हसत राहतो. चेहरा तसा हुबेहूब आहे, पण स्टीलच्या डब्याच्या फुगीर अंगावर उमटावा तसा. सगळे जागच्या जागी, तरी काहीतरी बाजूला सरकलेले.

माझे बालपण दादाच्या उतरलेल्या कपड्यांत गेले. त्याच्या विजारी आई गुडघ्यापाशी दुमडून टीप घालून मला देई, आणि ती टीप उसवून पुन्हा एकदा लांबी वाढवायची सोय असे, म्हणजे मी कितीही वाढलो तरी विजार दादाचीच राहणार. ‘ओके कॉनरी’ पाहताना मला ती टीप जागोजागी दिसते, कारण हा सगळा सिनेमाच थोरल्याच्या उतरलेल्या कपड्यांतून बेतलेला आहे. नायिका डॅनिएला बियांकी ही ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या बाँडपटाची नायिका. खलनायक अडोल्फो चेली हा ‘थंडरबॉल’चा खलनायक. त्याच्या वरचा खलनायक अँथनी डॉसन हा ‘डॉक्टर नो’मध्ये बाँडच्या हातून मेलेला प्राध्यापक, शिवाय ‘फ्रॉम रशिया’त मांजर कुरवाळणारे जे बिनचेहऱ्याचे हात दिसतात तेही त्याचेच, त्यामुळे इथे त्याला निदान चेहरा मिळाला याचा मला आनंद होतो. बाँडचा साहेब बर्नार्ड ली इथेही साहेबच आहे, आणि साहेबाची सेक्रेटरी लोइस मॅक्सवेल इथे स्वतः हेर झाली आहे. कहर म्हणजे अमेरिकेत हा सिनेमा ‘ऑपरेशन किड ब्रदर’ या नावाने लावला तो युनायटेड आर्टिस्ट्सने, म्हणजे बाँडपट लावणाऱ्या कंपनीनेच. सगळा मामला घरातल्या घरात. माझ्या विजारीही घराबाहेरच्या कोणाला मिळाल्या नव्हत्या.

दादाला ही माणसे एकेक करून ओळखू येऊ लागली, आणि माझा खरा छळ तिथून सुरू झाला. एखाद्या लग्नात वरपक्षाकडचे लोक मांडवात दिसावेत तसा तो प्रत्येकाकडे बोट दाखवून त्याचे बाँडपटातले मूळ घराणे सांगू लागला. “अरे, ही तर तातियाना!” “हा लार्गो! एका डोळ्यावर पट्टी असते बघ त्याच्या.” प्रत्येक ओळखीसाठी रिमोट उचलून सिनेमा थांबवला जाई, कारण दादाच्या मते चालत्या सिनेमावर बोलणे हे असभ्यपणाचे आहे. पाऊण तासात आम्ही वीस मिनिटांचा सिनेमा पाहिला.

“आणि आवाज त्याचा नाहीच!” दादाने शेवटी हुकमाचा एक्का टाकला. “ओठ एक बोलतात, ऐकू भलतंच येतं. स्वतःचा आवाजसुद्धा नाही म्हणजे काय?”

तक्रार खरी होती. इंग्रजी आवृत्तीत नीलच्या तोंडी दुसऱ्याचा, तोही अमेरिकन वळणाचा आवाज घातलेला आहे, त्यामुळे एडिंबराचा हा गडी तोंड उघडताच अटलांटिक ओलांडतो. पण या प्रश्नाची तयारी मी गेली चार वर्षे करून ठेवली होती. ‘फ्रॉम रशिया’मधला बियांकीचा आवाज बार्बरा जेफर्ड या इंग्रज नटीचा आणि ‘थंडरबॉल’मधला चेलीचा आवाज रॉबर्ट रिएटीचा आहे, म्हणजे दादाच्या देव्हाऱ्यातल्या मूर्तीही उसन्या गळ्यानेच बोलतात, हे मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले. दादाने फोन काढून खात्री करून घेतली. मग दुसऱ्या ठिकाणी पुन्हा खात्री करून घेतली. त्या पाच मिनिटांच्या शांततेत मी जो सिनेमा पाहिला त्याला तोड नाही.

गोष्टीविषयी फार बोलण्यात अर्थ नाही. नायकाचे नाव पडद्यावरही डॉक्टर नील कॉनरी असेच आहे, आणि तो प्लास्टिक सर्जन आहे; भिंतीवरून थेट चेहऱ्यावर अशी बढती कोणत्याही गिलावेवाल्याला आजवर मिळाली नसेल. वर त्याला संमोहनविद्या येते आणि ओठांच्या हालचाली वाचता येतात. ओठ आणि आवाज यांचा जिथे पदोपदी काडीमोड होतो अशा सिनेमात ओठ वाचणारा नायक ठेवायला मोठे धाडस लागते. थॅनॅटॉस नावाची गुन्हेगारांची संघटना आहे. धातूची यंत्रे आणि शस्त्रे जागच्या जागी बंद पाडणाऱ्या चुंबकीय लहरी सोडून जगाला वेठीस धरायचे, हा तिचा बेत. या सगळ्याला एन्नियो मोरिकोने आणि ब्रुनो निकोलाई यांनी इतके देखणे संगीत दिले आहे की वाढदिवसाच्या केकऐवजी पावाच्या लादीवर कोणी चांदीचा वर्ख लावावा तसे वाटते. डोळे मिटून पाहिल्यास हा फार मोठा सिनेमा आहे.

मोरोक्कोत एक गालिच्यांचा कारखाना आहे. तिथे किरणोत्सारी धाग्यांचे गालिचे विणले जातात, आणि आपण काय विणतो हे कळू नये म्हणून विणकर सगळे आंधळे ठेवलेले आहेत. हा प्रसंग चालू असताना वहिनी मांडीवर परात घेऊन मटार सोलत होत्या. इतका वेळ त्यांनी पडद्याकडे पाहिलेही नव्हते. अंगठ्याने शेंग फोडून दाणे परातीत ओघळू देत त्यांनी मान वर केली आणि त्या एकदाच बोलल्या.

“भावोजी, रंग जुळवायला तरी एक डोळस माणूस लागेलच ना? त्यालाच पकडा म्हणावं. एवढी मारामारी कशाला?”

जगाच्या हेरखात्यांना हे सुचले नव्हते. दादाने सिनेमा थांबवून वहिनींकडे कौतुकाने पाहिले आणि मी रिमोट सोफ्याच्या फटीत ढकलून दिला.

मग खलनायकांचे ते यंत्र सुरू झाले. लहरी सुटल्या, हालचाल थंडावली, आणि नेमक्या त्याच क्षणी आमच्या घरातली वीज गेली. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. स्वयंपाकघरातून “अहो, इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला सांगितली होती ना मी?” असा सवाल आला, ज्याचे उत्तर मी मार्च महिन्यापासून शोधतो आहे.

“थॅनॅटॉस!” दादा अंधारात म्हणाला. थोडा वेळ गेला. डास कानाशी आले. “आता पुढे काय होतं रे?”

साठ वर्षांत प्रथमच दादाने मला हा प्रश्न विचारला होता. परीक्षेतले उत्तर, रहस्यकथेतला खुनी, घरात ठरणारी लग्ने, सगळे त्याला आधी कळत आले. उतरलेली पुस्तके माझ्याकडे येत तेव्हा शेवटच्या पानावर ‘नोकराने केला’ असे पेन्सिलीने लिहिलेले असे. मी म्हणालो, “वीज आली की कळेल.” हे वाक्य मी इतके चघळून उच्चारले की वहिनींना अंधारातही हसू आले.

वीज पन्नास मिनिटांनी आली. टीव्हीने सिनेमा पहिल्यापासून सुरू केला, रिमोट फटीतून निघेना, आणि दादाच्या गाडीची वेळ झाली. मटार डब्यात भरून दोघे गेले. शेवटचा भाग मी रात्री एकट्याने, आवाज बारीक करून पाहिला.

तीन दिवसांनी दादाचा फोन आला. इकडचे तिकडचे विचारून झाल्यावर तो खाकरला.

“त्या सिनेमात शेवटी काय झालं?”

“बंदुका चालत नाहीत म्हटल्यावर नायक तिरंदाज घेऊन येतो. धनुष्यबाणांनी लढाई जिंकतात.”

“हट्!” दादा म्हणाला. मग बराच वेळ गप्प राहून, “अक्कल आहे हं त्या शॉनच्या भावाला. नाव काय म्हणालास सिनेमाचं? थांब, लिहून घेतो.”

मी एकेक अक्षर सांगत होतो, तेवढ्यात मागून वहिनींचा आवाज आला. इतका वेळ कोणाशी बोलताय, असे त्या विचारत होत्या.

“कोणी नाही गं,” दादा म्हणाला, “धाकटा आहे.”