काका, दरीकडे व्हा!

मी सायकल घेतल्यापासून साताऱ्यात भेटेल तो विचारतो, "मग, यवतेश्वरचा घाट चढलात की नाही?" अहो, चढण्याचं काय घेऊन बसलात! घाट चढणारा सायकलवाला हा जगातला सर्वांत निरुपद्रवी प्राणी. ताशी 6 चा वेग, तोंड उघडं, नजर पुढच्या टायरवर. परवा एक आजी "दमलास व्हय रं बाळा?" असं विचारून मला मागे टाकून गेल्या. बाळाचं वय 47.

खरी परीक्षा वर जाऊन, चहा पिऊन, सायकलचं तोंड साताऱ्याकडे वळवलं की सुरू होते.

रविवारी सकाळी हा घाट म्हणजे आमच्या राजवाड्यावरचीच गर्दी, फक्त तिरकी केलेली. 2012 साली कास पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून ऑगस्ट उलटला की पुण्या-मुंबईच्या गाड्या फुलं बघायला याच रस्त्यानं वर सरकतात. दरवर्षीच्या हिल मॅरेथॉनसाठी अर्धा गाव इथंच पळायचा सराव करतो. शिवाय मधुमेहवाले, गुडघेवाले, कुत्री फिरवणारे, कुत्र्यांनी फिरवलेले, कठड्यावर बसून फोटो काढणारे आणि त्या फोटोवाल्यांच्या पिशवीतल्या वेफर्सवर डोळा ठेवून बसलेली माकडं. यांतलं प्रत्येक जण स्वतःच्या जागी बरोबर असतं. चुकीचा असतो तो वरून येणारा मी.

दुकानातून सायकल आणली तेव्हा तिला 21 गियर होते आणि घंटी नव्हती. मागितली तर दुकानदार म्हणाला, "गियरच्या सायकलीला घंटी कोण लावतं साहेब?" स्टँड नाही, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही. आमच्या वडिलांच्या काळ्या सायकलीला हे सगळं होतं, वर डायनामोही होता. सायकल जितकी महाग तितकं तिच्यावर सामान कमी, हे गणित मला अजून सुटलेलं नाही. शेवटी लहान मुलांच्या सायकलची एक गुलाबी घंटी मिळाली, ती बसवून घेतली. पहिल्याच रविवारी वळणाच्या अलीकडे ती वाजवली. पुढे चालणारं एक कुटुंब थांबलं, छान बाजूला झालं. मला धन्य वाटलं. तेवढ्यात त्यातला छोटा मुलगा ओरडला, "पप्पा, कुल्फी!"

म्हणून मग तोंडानं ओरडायचं ठरवलं. इथं साताऱ्याची रीतभात आडवी येते. "ए, बाजू!" हे आटोपशीर आहे, पण ते म्हणून त्याच गावात परत राहायचं असतं. "अहो काका, जरा बाजूला होता का?" हे सभ्य आहे, पण म्हणायला दोन सेकंद लागतात आणि ताशी 40 च्या वेगानं दोन सेकंदांत सायकल 22 मीटर जाते. म्हणजे 'अहो' काकांच्या पाठीला ऐकू येतं आणि 'होता का' त्यांच्या तोंडासमोरून निघून जातं. वेग दुप्पट झाला की ब्रेक मारल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, हे शाळेत शिकलो होतो. तिसऱ्या वळणावर ते समजलं. सभ्यपणानं बोलायचं तर सायकल ताशी 15 नेच उतरली पाहिजे. आदरार्थी बहुवचनाला वेळ लागतो.

तर त्या तिसऱ्या वळणाखाली एक जोडपं वर येत होतं. रस्त्यानं चालताना समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं चालावं म्हणतात, तसं ते अगदी नियमानं स्वतःच्या उजव्या कडेनं चालत होते. मी नियमानं माझ्या डाव्या कडेनं उतरत होतो. म्हणजे आम्ही तिघंही नियमानं एकमेकांवर चालून जात होतो. मी ओरडलो, "डावीकडे!" मला म्हणायचं होतं, आहात तिथंच माझ्या डावीकडे राहा, मी बाहेरून जातो. काका स्वतःच्या डावीकडे झाले, म्हणजे बरोबर रस्त्याच्या मधोमध. काकू उजवीकडे राहिल्या. मग काकूंना एकटं वाटलं असावं, त्या काकांकडे निघाल्या; त्याच क्षणी काकांना पत्नीची काळजी वाटली, ते काकूंकडे निघाले. चाळीस वर्षांचा संसार माझ्या पुढच्या चाकासमोर फुगडी घालत होता.

त्यात रस्ता धुक्यानं ओला. माझे ब्रेक साधे, रबराचे. रिम ओली असली की पहिले काही फेरे रबर नुसतं पाणी पुसतं, मग सावकाश मनावर घेतं. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही. बूड मागे सरकवायचं. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडत सोडत दाबायचे, हे सगळं मला पाठ आहे. त्या वेळी मी दोन्ही करकचून आवळले आणि "अगं आई गं" म्हणालो. सायकल काकूंपासून हातभरावर थांबली. काकू म्हणाल्या, "घंटी नाही का हो तुमच्याकडे?"

खाली एक म्हातारबुवा म्हशी घेऊन उभे होते. त्यांनी सगळा तमाशा पाहिला होता. म्हणाले, "डावं-उजवं सांगू नगा. ज्याचं त्याचं डावं येगळं. माझ्या म्हसरांस्नीबी मी डोंगराकडं नायतर दरीकडं म्हून हाकतो. डोंगर काय कुनासाठी बाजू बदलत न्हाई."

मी थक्क झालो. इतकी वर्षं ऑफिसात डावं-उजवं करण्यात घालवली, हे कुणी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी सराव करतच उतरलो. एका वळणावर टोपी घातलेले, काठीवाले एक गृहस्थ कठड्याला धरून येत होते. मी लांबूनच, वेग कमी करून, खणखणीत आवाजात, आदरार्थी बहुवचनात म्हणालो, "काका, दरीकडे व्हा!"

त्यांनी थांबून माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही.

मी घरी पोचायच्या आत फोन पोचला होता. ते काका म्हणजे हिच्या आईचे मावसभाऊ निघाले. "जावईबापूंनी मला दरीत जा म्हणून सांगितलं," एवढंच ते म्हणाले होते; बाकीचं सासूबाईंनी भरून घेतलं. संध्याकाळी मी अर्धा किलो कंदी पेढे घेऊन मामांकडे गेलो आणि डोंगर, दरी, म्हशी असं सगळं समजावून सांगितलं. म्हशींचा उल्लेख टाळायला हवा होता, असं ही परतताना म्हणाली.

पण मामा मनाचे मोठे. त्यांना ती कल्पना पटली, इतकी की त्यांनी आपल्या सकाळच्या मंडळींना शिकवली. गेल्या रविवारी मी उतरत होतो. पुढे मामा आणि आठ-नऊ निवृत्त मंडळी रस्ताभर पसरलेली. मी गुलाबी घंटी वाजवली. मामांनी मागे वळूनही न बघता काठी वर केली, "डोंगराकडं व्हा रे सगळे, आमचा जावई आला!" अख्खी रांग शिस्तीत डोंगराच्या कडेला लागली. ब्रेकवर बोटं ठेवून, मान लववत, लग्नातल्या नवरदेवासारखा मी त्यांच्या बाजूनं हळूहळू निघालो.

रांगेतल्या शेवटच्या आजोबांनी खिशात हात घातला. "मलई आहे का रे?"