"फोटोच तर काढायचेत" म्हणणाऱ्यांनो, आधी मागचं बिल द्या

ज्याच्या चांदीच्या पैंजणांचे फोटो मी काढून दिले त्या शेठचा आज सकाळी फोन आला आणि मला खरंच वाटलं की पैसे टाकले म्हणून सांगायला केला असेल. कसलं काय. "भावा, दिवाळीचं कॅटलॉग करायचंय, या टायमाला जरा रेट बघून सांग की." म्हटलं शेठ, मागचं बिल? "ते हाय की माझ्या ध्यानात, कुठं पळून चाललोय व्हय मी." २१,५०० रुपये. १०४ दिवस झाले. मी दिवस मोजलेत, कारण त्या पैशांवर माझ्या फोटोच्या लाईटचा हप्ता आहे आणि हप्तावाले "ध्यानात आहे" ऐकून घेत नाहीत, पाच तारखेला खात्यातून कापून नेतात, बॅलन्स नसला तर बाऊन्सचा दंड वर.

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. दोन तास झाले फोन येऊन, अजून हात थरथरतोय.

मी कोल्हापुरात कमर्शियल फोटोग्राफी करतो. लग्न-मुंज नाही, दुकानं, कारखाने, हॉटेलं, बिल्डर, क्लासवाले. या आठवड्यात चांदी, मग शिरोली एमआयडीसीत कास्टिंग म्हणजे ओतीव लोखंडाचं काम, मग कुणाचा तरी मटण थाळीचा मेनू, मग सॅम्पल फ्लॅट, मधेच एखादा डॉक्टर म्हणतो वेबसाईटला माझा आणि स्टाफचा फोटो पाहिजे. काम मला आवडतं, खरंच मनापासून आवडतं, रोज वेगळी वस्तू आणि रोज वेगळी अडचण. पण या सगळ्या वेगवेगळ्या लोकांचं एक वाक्य मात्र शब्दाला शब्द सारखं असतं: "काय, फोटोच तर काढायचेत."

फोटोच तर काढायचेत म्हणजे काय ते त्या पैंजणांवरूनच सांगतो. चांदी म्हणजे आरसा. तिच्यात मी दिसतो, कॅमेरा दिसतो, खिडकी दिसते, छताचा पंखासुद्धा दिसतो. म्हणून चारी बाजूंनी बटर पेपरचा तंबू करायचा, लाईट बाहेरून मारायचा आणि वर भोक पाडून त्यातून लेन्स घालायची. एवढं केलं की चांदी दुधात बुडवल्यासारखी नुसती पांढरी पडते, सगळी नक्षी गायब, मग काळ्या कार्डपेपरच्या बारीक पट्ट्या कापून तंबूच्या आत उभ्या करायच्या, की त्यांची काळी रेघ कडेला उमटते आणि घुंगरू गोल दिसायला लागतं. पट्टी एवढीशी सरकली तरी रेघ भलतीकडे जाते. त्यात हातमोजे विसरून कुणी पैंजण उचललं की प्रत्येक घुंगरावर बोटाचा ठसा. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढायच्या लेन्सवर एफ ११ ठेवलं, म्हणजे लेन्सचं भोक बारीक केलं, तरी पुढचं घुंगरू शार्प आलं की मागचं जातं, म्हणून फोकस केसभर केसभर सरकवत एकेका पैंजणाच्या बारा-पंधरा फ्रेम घ्यायच्या आणि घरी येऊन त्या जोडायच्या. अशी ४८ डिझाईन. दोन दिवस शूट आणि चार रात्री एडिटिंग, पाठीचा काटा मोडायची वेळ आली होती. आणि हा माणूस खुर्चीत बसून बघत होता सगळं! स्वतःच्या डोळ्यांनी बघत होता! तरी शेवटी बिल बघून म्हणाला, "एवढं? माझ्या पुतण्याच्या आयफोनवर पण भारी येतात की रे."

मग पुतण्याकडून काढून घ्या ना. मला का बोलावलं.

घासाघीस मी समजू शकतो, धंदा म्हटल्यावर ती आलीच, माझे वडीलही भाजी घेताना करायचे. पण घासाघीस करून, रेट पाडून, वर "यात दोन व्हिडिओ पण टाक की" म्हणून फुकटात घेऊन, मग ठरलेलेसुद्धा पैसे द्यायचे नाहीत याला काय म्हणायचं? आणि न द्यायची कारणं तरी किती. अकाउंटंट सुट्टीवर गेलाय. मार्च एंड चालूय. पितृपक्षात मोठा व्यवहार नको. अमावस्या झाली की करतो. संध्याकाळी लक्ष्मी बाहेर काढत नाही. मालक गावाला गेलेत. बरं, शूटच्या दिवशी त्याच दुकानात चहावाल्याला पैसे दिले, फुलांच्या माळावाल्याला दिले, टेम्पोवाल्याला दिले, मॉडेल म्हणून आलेल्या मुलीला दिले, ते सगळं जागेवर रोख, माझ्यासमोर गल्ला उघडून. माझ्यासोबत जो पोरगा लाईट धरायला असतो त्याचे हजार रुपये मी त्याच दिवशी संध्याकाळी त्याच्या हातात ठेवतो, माझ्या खिशातून, मला एक रुपया मिळालेला नसला तरी, कारण त्याच्या घरी चूल त्या दिवसाच्या पैशांवर पेटते. मग माझी चूल कशावर पेटते असं वाटतं यांना?

आणि एडिटिंगच्या फेऱ्या, त्यांचा तर वेगळाच ताप आहे. गेल्या महिन्यात एका साडीच्या दुकानाचं काम केलं, तीस साड्या, रंग जुळवायला मी दुकानातल्या ट्यूबा बंद करायला लावल्या, राखाडी ग्रे कार्ड ठेवून प्रत्येक साडीचं व्हाईट बॅलन्स, म्हणजे रंग खरे यायचं सेटिंग, लावलं, घरी मॉनिटर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग खरे दिसतील असा जुळवलेला आहे त्यावर साडीचा तुकडा शेजारी धरून रंग बघितला. पाठवले. रात्री साडेअकराला मेसेज, "रंग चुकलाय, राणी कलर लालसर दिसतोय, परत करून द्या." परत बघितलं, बरोबर होतं. तरी थोडं बदलून पाठवलं. "आता मोरपंखी हिरवा दिसतोय." असं चार दिवस चाललं, चार दिवस मी झोपलो नाही नीट, स्वतःच्या डोळ्यांवर शंका यायला लागली मला. शेवटी दुकानात गेलो आणि त्यांचा फोन हातात घेतला तर डोळ्यांना त्रास नको म्हणून स्क्रीनचं ते पिवळं सेटिंग चोवीस तास चालू! सगळा फोन हळद लावल्यासारखा. मी बंद करून दाखवलं, त्यांनी बघितलं, साडी शेजारी धरली, रंग जुळला. "अच्छा, असं होय" म्हणाले. बास. चार दिवसांच्या त्या कामाचे पैसे मागितले तर तोंड असं केलं की जणू मीच त्यांचा फोन बिघडवला होता.

फ्लेक्सचं तर विचारूच नका. मी नेहमी आधी लहान साईजचे सॅम्पल पाठवतो, वॉटरमार्क टाकून, व्हॉट्सअॅपवर, नुसते निवडायला. एका क्लासवाल्यानं काय केलं, त्यातलाच फोटो घेतला, खालचा वॉटरमार्क कापला आणि दहा बाय सहाचा फ्लेक्स छापून चौकात लावला. पैसे द्यायची गरजच वाटली नाही, कारण फोटो तर मिळाला! आणि वर मलाच फोन, "अहो फोटो फुटलाय, चेहरे बघवत नाहीत, पालक काय म्हणतील." फुटणारच ना, व्हॉट्सअॅपनं दाबून काही केबीचा केलेला फोटो दहा फुटांवर ताणल्यावर दुसरं काय होणार! खाली कोपऱ्यात माझं अर्ध नाव तसंच राहिलेलं, म्हणजे सगळ्या चौकात बदनामी माझी. मी गाडी थांबवून त्या फ्लेक्सखाली उभा राहिलो होतो आणि मला रडायला येत होतं, खोटं कशाला बोलू.

हॉटेलवाले त्यातल्या त्यात बरे, निदान जेवायला तरी घालतात. पण तिथंही, तांबड्या रश्श्यावरची तर्री पाच मिनिटांत थिजायला लागते, पांढऱ्यावर साय धरल्यासारखं होतं, म्हणून मी आधीच सांगतो की लाईट लावून होईपर्यंत रस्सा वाढू नका, रिकामी वाटी ठेवा. ऐकतच नाहीत. तयार करून ठेवतात, अर्धा तास ते तसंच, मग फोटो मेलेला दिसतो आणि दोष कॅमेऱ्याला.

फौंड्रीतलं काम मला सगळ्यात जास्त आवडतं आणि सगळ्यात जास्त नुकसानीत पण तेच जातं. चौदाशे डिग्रीच्या आसपासचा लोखंडाचा रस साच्यात ओतताना जो उजेड पडतो ना, तो मी शब्दात सांगू शकत नाही, कामगारांचे चेहरे नुसते नारिंगी होतात, मी प्रत्येक वेळी अंगावर काटा घेऊनच घरी येतो. पण साच्याची ती काळी बारीक वाळू कॅमेऱ्यात, लेन्सच्या रिंगेत, बॅगेच्या चेनमध्ये, कानात, सगळीकडे घुसते. दर वेळी सेन्सर साफ करून घ्यावा लागतो. तो खर्च बिलात लावला तर परचेसवाले साहेब त्यावर लाल पेनानं काट मारतात, "हे काय असतं?" आणि तिथलं पेमेंट तर विचारू नका, आधी पीओ म्हणजे त्यांची लेखी ऑर्डर, मग व्हेंडर रजिस्ट्रेशन, मग बिल चुकीच्या तारखेचं म्हणून परत, मग टीडीएस म्हणजे आयकर आधीच कापून उरलेलं नव्वद दिवसांनी, आणि तो कापलेला टीडीएस माझ्या नावावर भरलाय की नाही हे बघायला पुन्हा मीच आयकराच्या पोर्टलवर.

हे सगळं आपल्या कोल्हापुरात, कळलं का. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी इथंच स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवून त्यावर सिनेमे काढले. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे, दर वर्षी हार घालतात, कलानगरी कलानगरी म्हणून भाषणं करतात, फोटो काढायला मला फुकट बोलावतात.

कायदा नाही असं नाही. माझी उद्यम नोंदणी आहे, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे नाव आहे. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यात सरळ लिहिलंय की लेखी करार असला तरी पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांच्या पुढं जाता कामा नये, करार नसला तर १५ दिवस, आणि त्यापुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज, तेही महिन्याच्या हिशोबानं चक्रवाढ. आयकरातसुद्धा आता असं आहे की आमच्यासारख्या लहान लोकांचं बिल वेळेत दिलं नाही तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष देतील त्याच वर्षीच्या हिशोबात वजा धरता येतो. सीए मित्रानं सगळं समजावून सांगितलं, म्हणाला टाक केस सरकारच्या पोर्टलवर. टाकतो रे, पण पुढं? शेठच्या दुकानाच्या गल्लीत सगळे एकमेकांचे मामा, मेव्हणे, भिशीतले भिडू. एकाला नोटीस गेली की संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळतं, "तो फोटोवाला कोर्टात जातो" म्हणून, आणि मला पुढची पाच वर्षं तिथं कुणी पाणी विचारत नाही. हे त्यांना पक्कं माहीत असतं, म्हणूनच तर एवढे निवांत असतात.

आणि अजून एक, हे माझ्यासारख्या सगळ्यांनी नीट ऐका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये असं आहे की पैसे ठरवून कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसला तर हक्काचा पहिला मालक तो काढून घेणारा, आपण नाही. मला हे कळायला धंद्यात आठ वर्षं जावी लागली. आठ वर्षं मी समजत होतो की मी काढला म्हणजे माझाच. आता प्रत्येक कोटेशनवर मोठ्या अक्षरात लिहितो की पूर्ण रक्कम जमा होईपर्यंत सगळे हक्क माझ्याकडे, आणि सही घेतो. सही करताना लोक अशी नजर देतात की मी त्यांचं घर लिहून मागतोय.

सगळे असे नाहीत, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर माझ्याच तोंडाला पाप लागेल. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या बड्या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, गदारोळ झाला, त्यानंतर इथल्या बऱ्याच जणांना वाटायला लागलं की आपला माल पण ऑनलाईन दिसला पाहिजे. तेव्हा एक चप्पल करणारे काका आले होते, साठीच्या पुढचे, अंगठ्याला चामडं कापून कापून पडलेली भेग. सहा जोड घेऊन आले, प्रत्येक जोड वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मी फोटो काढताना खाली बसून चपलेवरची चामड्याची वेणी कुठल्या बाजूनं उजेडात धरली की उठून दिसते ते सांगत होते, आणि ते बरोबर होतं, मी लाईट तसा फिरवला. काम झाल्यावर शर्टाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात नोटा होत्या, थुंकी लावून मोजल्या, ३,६०० रुपये. मी म्हटलं काका राहू दे, फोटो हातात पडल्यावर द्या. तर म्हणाले, "नगं बाळा, तू राबलास की आज." मी सहाशे परत देत होतो, घेतले नाहीत.

आणि इकडे माझा शेठ, ज्याच्या दुकानाबाहेर पंचवीस लाखांची गाडी उभी असते, तो १०४ दिवस २१,५०० घेऊन बसलाय आणि मला म्हणतो रेट बघून सांग.

तर शेठ, तुम्ही हे वाचणार नाही, पण तुमचा पुतण्या वाचेल, तो मला फॉलो करतो. त्यानं सांगावं तुम्हाला. दिवाळीचं कॅटलॉग मी करीन, नाही म्हणत नाही, तुमचा माल चांगला आहे आणि कारागिरांचे हात सोन्यासारखे आहेत. पण आधी २१,५०० जमा करा, वर नव्या कामाचे निम्मे ॲडव्हान्स टाका, आणि उरलेले फोटोंची लिंक देण्याआधी. तोपर्यंत माझा बटर पेपर गुंडाळून ठेवलाय.