‘पी ०.०५च्या आत, म्हणजे ९५ टक्के खात्री’ हे कुणी सांगितलं?

पीएचडी करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर स्टॅटिस्टिक्सच्या चार नियमांचा एक मेसेज फिरतोय. भाचीच्या प्रबंधाच्या मसुद्यात त्यातली वाक्यं जशीच्या तशी उतरलेली दिसली, म्हणून हा खटाटोप.

पहिला नियम: ‘पी-व्हॅल्यू ०.०५पेक्षा कमी, म्हणजे आपलं म्हणणं खरं असण्याची खात्री ९५ टक्के.’ साफ चूक. मुळात फरक नाहीच असं धरून हा हिशेब सुरू होतो. तसं असताना हाती आलाय एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, एवढंच पी सांगतो. आपली कल्पना खरी असण्याची शक्यता पी मोजत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६मध्ये पी-व्हॅल्यूवर निवेदनच काढलं; त्यातल्या सहा तत्त्वांपैकी दुसरं नेमकं हेच.

आकडे मांडून बघा. १००० कल्पना तपासल्या, त्यातल्या १०० खऱ्या. टेस्टची पॉवर, म्हणजे खरा फरक पकडण्याची क्षमता, ८० टक्के धरली तर ८० पकडल्या जातील. उरलेल्या ९०० खोट्यांपैकी ५ टक्के, म्हणजे ४५, योगायोगाने पास होतील. ‘सिग्निफिकंट’, म्हणजे पी ०.०५च्या आत आलेल्या, एकूण १२५, त्यात खोट्या ४५. ३६ टक्के! कुठे गेली ती ९५ टक्के खात्री? आणि ८० टक्के पॉवर हीसुद्धा चैनच. फरक लहान आणि नमुने दहा-बारा असले तर ती बरीच खाली येते.

‘पी ०.०५च्या वर, म्हणजे फरक नाही’ हे त्याचंच भावंड. समजा, ज्वारीच्या दोन वाणांचे ८-८ प्लॉट, सरासरीत हेक्टरी ३ क्विंटलचा फरक, दोन्हीकडे प्रमाण विचलन (आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) ४. फरकाच्या अंदाजातली अनिश्चितता, म्हणजे स्टँडर्ड एरर, २; टी, म्हणजे फरक भागिले ही एरर, १.५; पी साधारण ०.१६. पण ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे या डेटाशी जुळणाऱ्या फरकांची पट्टी, येतो उणे १.३ ते अधिक ७.३. सात क्विंटल जास्त देणारा वाण आपण ‘फरक नाही’ म्हणून टाकून दिला असू शकतो. बाकी सगळं तेच ठेवून प्लॉट ३२-३२ करा, टी ३ होतो आणि पी ०.०५च्या बराच खाली जातो. तेव्हा ‘पुरावा अपुरा’ असं लिहा आणि इंटरव्हल द्या.

‘सॅम्पल ३० झालं की बस.’ यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. सरासरीपुरतं बऱ्याचदा चालतं. पण उत्पन्नासारखा एका बाजूला लांब शेपूट असलेला डेटा असेल तर ३० पुरत नाहीत. आणि माणसं ओळखीतलीच गोळा केली असतील तर ३०००सुद्धा नाहीत.

शेवटचा: ‘दोन रकाने आले की टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांची तुलना) लावा.’ कोणती? एक्सेलच्या टी-टेस्ट फॉर्म्युल्यातला शेवटचा आकडा बघा: १ म्हणजे पेअर्ड (जोडीचा डेटा), २ म्हणजे दोन गटांचा समान व्हेरियन्स (पसारा), ३ म्हणजे असमान. तीच माणसं औषधाआधी आणि नंतर मोजली असतील तर १. गट वेगळे असतील तर ३. डोळे झाकून २ टाकू नका. जोडीच्या डेटाला २ दिलं की माणसामाणसांतला फरक एररमध्ये मिसळतो आणि खरा परिणाम त्यात बुडतो. पेअर्डमध्ये आकडे नॉर्मल (घंटेच्या आकारात पसरलेले) आहेत का ते तपासायचं त्या दोन रकान्यांच्या वजाबाक्यांवर, रकान्यांवर नव्हे. शिवाय एकच रकाना सॉर्ट झाला तर सगळ्या जोड्या तुटतात, आणि फॉर्म्युला तरीही मुकाट्याने उत्तर देतो.