‘वावरात लावा, डिप्रेशन उतरते’ : त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या भागातल्या तीन-चार ग्रुपवर एकच मेसेज फिरला. ‘डिप्रेशन हा शहरातल्या पैसेवाल्यांचा रोग. आमच्या काळी मास्तरच्या छड्या खाल्ल्या, वावरात राबलो, कोणाले काही झालं नाही. पोराचा मोबाईल घ्या, वावरात लावा, आठ दिवसांत ठीक होते. अन् पोरांसमोर हे विषय काढूच नका, नसतं डोक्यात भरते.’ खाली अंगठेच अंगठे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आठवी ते दहावीला शिकवतो. गप्प बसवलं नाही.

शहरातला रोग? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या मुलांत मानसिक आजारांचं प्रमाण 7.3 टक्के आढळलं. महानगरांत 13.5, खेड्यांत 6.9. शहरात जास्त आहे, एवढं मेसेजवाल्याचं खरं. पण 60 जणांच्या वर्गात 6.9 टक्के म्हणजे चार पोरं. ती ‘मला डिप्रेशन आहे’ म्हणत नाहीत. ‘सर, पोट दुखून रायलं’ म्हणतात. एका पोरीचं पोट दर सोमवारी दुखायचं. डॉक्टरनं सलाईन लावलं, आजीनं नजर उतरवली, आणि मी दोन महिने तिला कामचुकार समजलो.

‘आमच्या काळी’ नव्हतं म्हणता, तर होतं. नाव वेगळं होतं. कोणाला ‘बाहेरचं’ लागायचं, कोणाला देवस्थानात नेऊन ठेवायचे, कोणी शाळा सोडून घरात बसला की गाव त्याला येडा ठरवून मोकळं व्हायचं. त्यांच्यापैकी कोणी या ग्रुपवर नाही. छड्यांचं म्हणाल, तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंतच्या मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला मनाई आहे.

आता वावर. हे वाचून मला हसूच आलं. आमची पोरं वावरात नाहीत तर कुठे आहेत? दिवाळीनंतर कापूस वेचणी लागली की माझ्या वर्गातली बाकं रिकामी होतात, पोरींची आधी. नववीतल्या पोराला कापसाचा आजचा भाव तोंडपाठ असतो. बोंडअळी पडली की यंदा आपलं कॉलेज होणार की नाही, हा हिशेब तो न विचारता मांडून ठेवतो. बँकेची नोटीस आली त्या रात्री माय-बाप हळू आवाजात बोलतात. पोरगं झोपेचं सोंग घेऊन सगळं ऐकते. वावर हे त्याच्या चिंतेचं मूळ असू शकते, आणि तुम्ही तेच औषध म्हणून देता! अंगमेहनतीनं मन हलकं होते, झोप लागते, हे मान्य. पण शिक्षा म्हणून धाडलेलं पोरगं तिथंही एकटंच असते. बापानं सोबत जावं, धुऱ्यावर बसून डबा खावा. समोरासमोर न बोलणारी पोरं शेजारी बसून बोलतात, हा माझा अनुभव आहे.

मोबाईल रात्री बाजूला ठेवायला माझी हरकत नाही. मग बापाचाही ठेवा.

राहिलं ‘विषय काढू नका’. हा भाग मला सगळ्यात घातक वाटते. ‘जीव द्यावासा वाटते का?’ असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. उलट कोणीतरी विचारलं म्हणून पोर बोलते. ‘हो’ म्हणालं तर ओरडू नका, रडू नका, त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. फवारणीची औषधं तर कास्तकाराच्या घरी एरवीही कुलपात हवीत, किल्ली मोठ्यांजवळ.

उदासी, चिडचिड, झोप उडणं, जेवण तुटणं, मित्र टाळणं, हे दोन आठवडे टिकलं तर थांबू नका. 14416 हा सरकारचा ‘टेलिमानस’ नंबर ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. फुकट, 24 तास, मराठीतही. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. ‘लोक काय म्हणतील’ वाटत असेल तर केसपेपर काढताना मोठ्यानं सांगायची गरज नाही, खिडकीवर ‘झोप येत नाही’ म्हटलं तरी चालते. माझ्या सोमवारच्या पोरीची माय तसंच म्हणाली होती.