पाढे सोडून सूत्रं धरायला निघालेल्यांसाठी

"अथर्ववेदात दडलेली १६ सूत्रं! कोणत्याही दोन संख्यांचा गुणाकार २ सेकंदांत! पाढे पाठ करायची गरजच नाही! नासा हीच पद्धत वापरते! इंग्रजांनी लपवलेलं ज्ञान, प्रत्येक ग्रुपवर पाठवा!"

हा मेसेज किती वर्षं फिरतोय कोण जाणे. आजवर मी तो न वाचता पुढे सरकत होते. या वेळी मामांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला, वर "मुलांना आजपासून हेच शिकवा" असा हुकूम सोडला, आणि सहावीतल्या भाचीने तो शब्दशः पाळला. ताईने तिच्या वहीचा फोटो पाठवला. त्यात होतं: ८८ × ८७ = ७५१५६.

अहो, ९० गुणिले ९० सुद्धा ८१०० च होतात! पंचाहत्तर हजार आले कुठून? तर मेसेजमधल्या कृतीतून. तिथे ९७ × ९६ चं उदाहरण आहे. शंभराला ३ कमी आणि ४ कमी. ९७ मधून ४ काढा, ९३. तीन चोक बारा. शेजारी शेजारी लिहा, ९३१२. उत्तर बरोबर आहे. पोरीने तेच केलं. १२ कमी, १३ कमी, ८८ मधून १३ गेले ७५, बारा तेरे १५६, लिहा शेजारी. उजवीकडे दोनच घरं असतात आणि तिसरा अंक हातचा म्हणून डावीकडे चढवायचा, हे सांगायला मेसेजवाला विसरला. १ चढवला की ७६ आणि ५६, म्हणजे ७६५६. हातचा का चढवायचा हे कळायला (१०० − अ)(१०० − ब) म्हणजे काय ते कळावं लागतं, आणि ते कळवण्याचा त्रास कोणी घेतलेला नाही.

आता "कोणत्याही दोन संख्या". याच कृतीने ६७ × ४८ करून बघा. शंभराला ३३ कमी आणि ५२ कमी. ६७ मधून ५२ गेले १५, म्हणजे पंधराशे. मग ३३ × ५२ करा. म्हणजे दोन अंकी गुणाकार सोपा करायला निघालो आणि हातात पडला दुसरा दोन अंकी गुणाकार! त्याचे १७१६, एकूण ३२१६. दोन सेकंद केव्हाच संपले. ही युक्ती संख्या शंभराच्या, हजाराच्या आसपास असतील तेव्हाची आहे, आणि मेसेजमधली सगळी उदाहरणं नेमकी तिथलीच निवडलेली आहेत.

मग म्हणतील, त्यासाठी 'ऊर्ध्वतिर्यग्भ्याम्' आहे की, उभं-आडवं. आहे ना. ६७ × ४८: उजवे अंक ७ × ८ = ५६, तिरपे ६ × ८ आणि ७ × ४ मिळून ७६, डावे ६ × ४ = २४. म्हणजे २४०० + ७६० + ५६ = ३२१६. शाळेतल्या पद्धतीतही हेच चार गुणाकार करतो, फक्त बेरीज वेगळ्या क्रमाने मांडतो. एका ओळीत उत्तर येतं हे खरं, पण ओळी वाचतात त्या कागदावरच्या, डोक्यातलं काम तेवढंच राहतं.

आणि ते चार गुणाकार कशाने करायचे? पाढ्यांनी! "पाढ्यांची गरज नाही" हे त्या मेसेजमधलं सगळ्यात खुळं आणि सगळ्यात घातक वाक्य आहे, म्हणून त्यावर मी अडून बसणार. बारा तेरे करायला भाचीने बारा दाहे एकशे वीस आणि बारा त्रिक छत्तीस असंच केलं. सात आठे छप्पन्न जिभेवर नसेल तर एकही सूत्र हलत नाही. उलट पाढे पक्के असतील तर निम्म्या सूत्रांची गरजच पडत नाही. आपल्याकडे नुसते तीसपर्यंतचे पाढे नव्हते, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांची पलटण पाठ असायची. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तो येणाऱ्याला १६ गुणिले साडेतीन करावं लागत नाही, ५६ आठवतात. तोंडी हिशेबाची परंपरा हवी ना मामा? ती ही. पण ती घोकावी लागते, म्हणून फॉरवर्ड होत नाही.

वेदाचं काय? हे सगळं जिथून आलं ते 'वैदिक मॅथेमॅटिक्स' पुस्तक पुरीच्या गोवर्धन पीठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचं. ते १९६० साली गेले आणि पुस्तक १९६५ साली बनारस हिंदू विद्यापीठाने काढलं. मामा, टीकाकारांचं सोडा, त्या पुस्तकाचेच संपादक वासुदेवशरण अग्रवाल काय लिहितात ते वाचा: ही सूत्रं अथर्ववेदाच्या आजवर ज्ञात परिशिष्टांत सापडत नाहीत, आणि त्यांच्या भाषेची धाटणी पाहता ती स्वामीजींनी स्वतःच शोधलेली दिसतात. सुरुवातीलाच, पुस्तकाच्या बाजूने बोलणाऱ्या माणसाने छापून ठेवलंय. याहून वेगळा पुरावा मी शोधत बसणार नाही. वेदकाळचं खरं गणित बघायचंच तर शुल्बसूत्रं आहेत. वेदी बांधायच्या नियमांत २ च्या वर्गमुळाची किंमत पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर येते. त्याचा मेसेज मला अजून कोणी पाठवलेला नाही.

बरं, एक कबूल करते. ५ ने संपणाऱ्या संख्येच्या वर्गाची युक्ती सुरेख आहे. ६५ चा वर्ग: सहाला पुढच्या सातने गुणा, ४२, पुढे २५ लिहा, ४२२५. दर वेळी बरोबर येते, मुलांना आवडते, शिकवाच. पण तिच्या मागचं बीज भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहे, सुमारे ११५० सालचं. ज्या संख्येचा वर्ग हवा तीत एक सोयीची संख्या मिळवा, तीच वजा करा, दोन्हींचा गुणाकार घ्या आणि सोयीच्या संख्येचा वर्ग त्यात घाला. ६५ ला ६० × ७० + २५. आणि हे फक्त ५ वाल्यांना नाही, कुणालाही चालतं: ४७ चा वर्ग ४४ × ५० + ९ = २२०९. गुणाकारालाही लीलावतीत तसंच आहे, गुणक सोयीचा करून घ्या आणि फरक नंतर भागवा. ८८ च्या जागी ९० घ्या, ९० × ८७ = ७८३०, त्यातून १७४ वजा, ७६५६. हातच्याची भानगडच नाही. उभं-आडवं सुद्धा आपल्या कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी लीलावतीवरच्या १५४५ सालच्या टीकेत सांगितलंय, आणि वर हेही बजावलंय की गुरुमुखातून शिकल्याशिवाय हे मंदबुद्धीला जमायचं नाही. पूर्वजांचा अभिमानच मिरवायचा तर नावं, सालं, ग्रंथ सगळं तयार आहे.

नासा. तिथले हिशेब कॉम्प्युटर करतो. तो ० आणि १ मध्ये गुणाकार करतो, त्याला शंभराच्या जवळचं-लांबचं काही नसतं. खूप मोठ्या संख्यांसाठी युक्त्या लागतात, पण त्या वेगळ्या. अनातोली करात्सुबा या रशियन गणितज्ञाने १९६० साली चाराऐवजी तीनच गुणाकारांत काम भागवलं. आपल्याच ६७ × ४८ मध्ये: ६ × ४ = २४, ७ × ८ = ५६, आणि (६ + ७) × (४ + ८) म्हणजे १३ × १२ = १५६ मधून हे दोन्ही वजा केले की मधले ७६. उभं-आडवं एकही गुणाकार वाचवत नाही, हे वाचवतं.

राहिले इंग्रज. पुस्तक छापलं १९६५ साली, ते गेले १९४७ साली, तेव्हा लपवलं नक्की काय? आणि लीलावतीचा इंग्रजी अनुवाद जॉन टेलरने १८१६ साली मुंबईत छापला, दुसऱ्याच वर्षी कोलब्रुकचा लंडनमध्ये निघाला. लपवायचंच होतं तर दोन-दोनदा छापत कशाला बसले असते?