उत्पन्न बेतात ठेवण्याविषयी काही उपयुक्त सूचना

गेल्या महिन्यात मी श्रीमंत झालो. महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षातील लिपिकाने माझ्या उत्पन्नाच्या दाखल्यावरील आकड्यावर पेनाचे टोपण दोनदा आपटले आणि "तुम्ही यात बसत नाही, साहेब," असे म्हणून फाइल परत सरकवली, तेव्हा मला ही वार्ता कळली. मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्कमाफीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असावे लागते. माझे ८ लाख ११ हजार ४०० भरले, कारण तीन वर्षे रखडलेली थकबाकी नेमकी मार्चमध्ये जमा झाली. ती जमा झाली त्या दिवशी आम्ही घरी श्रीखंड आणले होते. असा आनंद आपल्या वाट्याला येऊ नये, म्हणून या सूचना.

पहिली सूचना अशी की, आपण श्रीमंत आहोत की गरीब हे घरी बसून ठरवू नये. कोणत्या खिडकीसमोर उभे आहोत, ते आधी पाहावे. माझ्या याच उत्पन्नावर नव्या करप्रणालीत एक रुपयाही प्राप्तिकर लागत नाही, कारण पगारदाराला तिथे १२ लाख ७५ हजारांपर्यंत सूट आहे. मी बदलापूरला भाड्याने राहतो, म्हणून म्हाडाच्या लेखी मी अल्प उत्पन्न गटात मोडतो, कारण मुंबई महानगर प्रदेशात हा गट ६ ते ९ लाखांचा आहे. रात्रीच्या एसटीने साताऱ्याला जाऊन उतरलो, तर सकाळी मध्यम उत्पन्न गटात जागा होतो. धर्मादाय रुग्णालयात सवलत मागितली, तर ३ लाख ६० हजारांच्या वरचा माणूस पूर्ण बिल भरण्याइतका सधन असतो. शिधावाटप कार्यालयात तर १ लाखाच्या पुढे सगळेच पांढरे कार्डवाले. तिथे मी आणि मलबार हिलवरचे गृहस्थ एकाच रंगाचे.

थकबाकी कधीही मार्चमध्ये घेऊ नये.

शक्य तर शेतीचे उत्पन्न दाखवावे. त्याच्यावर प्राप्तिकर नाही आणि वांगी किती विकली, हे विचारायला सहसा कोणी येत नाही.

सर्वांत महत्त्वाची सूचना म्हणजे पगारदार होऊ नये. पगारदाराचे उत्पन्न फॉर्म १६ नावाच्या कागदावर पैशापैशाने छापलेले असते. दुकानदाराचे उत्पन्न मात्र त्याच्या विनयावर अवलंबून असते. आमच्या गल्लीतील एका व्यापाऱ्यांचे दोन गाळे आहेत, दारात मोठी पांढरी गाडी आहे, आणि त्यांच्या दाखल्यावर वार्षिक उत्पन्न आहे ९६ हजार. म्हणजे महिन्याला ८ हजार, ज्यात त्या गाडीचे डिझेलही भागणार नाही. परंतु शिक्षणहक्क कायद्याखालील २५ टक्के राखीव जागांसाठी उत्पन्नाची मर्यादा १ लाख आहे, आणि त्यांचा धाकटा त्या जागेवर चांगल्या इंग्रजी शाळेत शिकतो. त्यांनी मला पेढेही दिले. मी ते खाल्ले, याची मला आजही लाज वाटते.

पिवळ्या शिधापत्रिकेची इच्छा असल्यास वर्षाला १५ हजारांत जगण्याचा सराव करावा. लाडक्या बहिणीचे दीडदीड हजार वर्षाला १८ हजार होतात, म्हणजे सरकारने दिलेल्या मदतीनेच बाई सरकारच्या या रेषेच्या वर जाते. ही रेषा ओढणाऱ्याने कधी किराणा भरला आहे का? ८ लाखांची मर्यादा २०१७ साली ठरली; तेव्हापासून लोकलचा पास वगळता महाविद्यालयाचे शुल्क, घरभाडे, सगळे वाढले, आणि मर्यादा तिथेच ठाण मांडून बसली आहे.

आणि आता सूचना पुरे. दारात गाडी उभी करून लाखाच्या आतला दाखला काढणाऱ्यांनो, तुम्ही सरकारला फसवत नाही, तुम्ही त्या धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाची शाळेतली जागा पळवता. लाडक्या बहिणींमध्ये दोन हजारांहून अधिक सरकारी कर्मचारी निघाले, हे २०२५ मध्ये खुद्द मंत्र्यांनी सांगितले. ज्यांचा पगार सरकारच देते त्यांनी कुटुंबाचे उत्पन्न योजनेच्या अडीच लाखांच्या मर्यादेत असल्याचे लिहून दिले, आणि ते लिहिताना हात थरथरला नाही. दाखला देणाऱ्यांनाही ती पांढरी गाडी दिसते. दिसत नसेल तर चष्मा बदला. आमच्या ११ हजार ४०० रुपयांवर मात्र सर्वांची नजर शाबूत आहे.

शुल्क भरण्यासाठी मी पतपेढीकडे कर्ज मागितले आहे. उत्पन्न पुरेसे नसल्याने तिथे दोन जामीनदार आणायला सांगितले आहेत.