बिनमिठाचं इमान

बंडू काट्यावर उभा राहिला आणि आकडा बाराच्या पुढे जाऊन थरथरला. डॉक्टरीणबाईंनी आधी काट्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, आणि दोन्हींचा काहीतरी संबंध लागल्यासारखी मान हलवली. याचं वजन दहा किलो हवं, म्हणाल्या. वरचे दोन किलो म्हणजे आम्हा चौघांचं त्याच्यावरचं प्रेम.

"सध्या दिवसाला चारशे कॅलरी. त्यातला खाऊ दहा टक्क्यांच्या वर नको. म्हणजे चाळीस."

चाळीस कॅलरी म्हणजे किती, हे मी घरी आल्यावर बंडूच्या आवडत्या बिस्किटांच्या पाकिटावर पाहिलं. एक बिस्किट पंचेचाळीसचं होतं. म्हणजे आमचा कुत्रा एक बिस्किट सबंध खाण्याच्याही लायकीचा उरला नव्हता. तेव्हाच मी जाहीर केलं की खाऊ यापुढे घरी होईल आणि तो मी करीन. मी बरा स्वयंपाक करतो असा माझा समज आहे. घरात तो कुणी मोडला नाही, पण दुजोराही कुणी दिलेला नाही.

ओट्याशी उभा राहिलो. मुलगी शेजारी स्टुलावर मोबाइल घेऊन बसली आणि मी कपाटातून काढेन त्या डब्यावर निकाल देऊ लागली.

"कांदा-लसूण परतून घातला तर काय वास सुटेल!"

"तांबड्या रक्तपेशी फुटतात त्यांच्या. पावडर तर आणखी वाईट."

"बरं, दोन मनुका..."

"मूत्रपिंड, बाबा."

चॉकलेटचं मलाही ठाऊक होतं. त्यातलं थिओब्रोमीन आपलं शरीर भराभर निकालात काढतं, कुत्र्याचं मात्र तासन्‌तास घोळत बसतं. पीठ यीस्ट घालून फुगवावं म्हटलं, तर कच्चं पीठ पोटात गेल्यास तिथेही फुगतं आणि वर दारू तयार करतं. साखर नको, मीठ नको. पंचवीस वर्षं मी ज्या ज्या गोष्टींच्या जिवावर माझा अर्धाकच्चा स्वयंपाक खपवला, त्या सगळ्या या मुलीने अर्ध्या तासात ओट्यावरून उतरवल्या.

आई दारातून हे ऐकत होती. डॉक्टरांनी रक्तदाबापायी तिचं मीठ कमी केल्यापासून तिला या विषयात विशेष रस. "मिठाला जागणारं जनावर," ती म्हणाली, "आणि तुम्ही त्याचं मीठच तोडा. आता जागेल कशाला?"

बंडू त्या वेळी पायपुसण्यावर घोरत होता, त्यामुळे मुद्दा बिनतोड वाटला.

उरलं काय, तर गव्हाचं पीठ, एक अंडं, लाल भोपळा उकडून केलेला लगदा आणि पीनट बटर. पीनट बटरला तरी मुलगी काही म्हणणार नाही असं वाटलं होतं. पण तिने बरणी माझ्या हातातून काढून घेतली. म्हणे, काही बरण्यांत साखरेऐवजी झायलिटॉल असतं. आपल्याला ते चालतं. कुत्र्याच्या अंगात मात्र त्याने इन्शुलिन एकदम उसळतं आणि तासाभरात रक्तातली साखर तळाला जाऊ शकते. पुढे यकृतही जातं. बरणीवर कधी ते 'बर्च शुगर' असं गोंडस नाव घेऊनही बसलेलं असतं. आता बरणीवरचा मजकूर छापणाऱ्याला तो कुणी वाचू नये अशीच इच्छा असते. मी चष्मा लावला, मग बायकोचा चष्मा माझ्या चष्म्यावर धरला. शेवटी बायकोने बरणी घेतली आणि नुसत्या डोळ्यांनी वाचलं, "शेंगदाणे." बस्स, एवढंच.

पीठ मळून लाटलं. एक तुकडा दहा कॅलरींचा हवा, म्हणजे दिवसाला चार देता येतील, असा माझा हिशोब. तो आकार निघाला कोटाच्या बटणाएवढा. औषधाच्या बाटलीच्या झाकणाने मी अशी एकशे वीस बटणं पाडली. शंभराव्या बटणाला मी बंडूविषयी जे बोललो ते तो झोपेत असल्यामुळे वाचला.

पहिला घाणा फुकट गेला. मऊ, सोनेरी, देखणी बटणं हौसेने बरणीत भरली आणि चौथ्या दिवशी त्यांना हिरवी लव आली. भोपळ्याचं पाणी आत राहिलं होतं आणि टिकवायला मीठ-साखर काहीच नाही. मऊ ठेवायची तर फ्रिजमध्ये, तीही आठवडाभरच. फार झाली तर फ्रीझरमध्ये. दुसऱ्या घाण्याला मी भट्टी १७५ अंशांवर अर्धा तास चालवली आणि बंद केल्यावरही ट्रे रात्रभर आतच ठेवला. सकाळी बटण ओट्यावर टाकलं तर ठक्‌ असा आवाज आला.

बंडूने पहिलं बटण घेतलं तो क्षण टिपायला मुलगी कॅमेरा रोखून बसली होती. तिला फक्त बंद होणारं तोंड मिळालं. कुत्र्याच्या जिभेवर चवीच्या कळ्या जेमतेम सतराशे, आपल्या नऊ हजारांच्या आसपास. मिठावाचून त्याचं काही अडलं नव्हतं. आणि त्या सतराशेंनाही त्याने संधी दिली असेल असं मला वाटत नाही.

मग मी फ्रिजवर कागद लावला. रोजचे चार चौकोन, देणाऱ्याने खूण करायची. कारण बंडू खोटं बोलतो. माझ्याकडून घेऊन तो बायकोसमोर असा बसायचा की जन्मात कुणी तुकडा टाकला नसावा. आईला हा कागद अपमानास्पद वाटला. "एवढंसं बटण. मी अर्धंच देते. अर्ध्याची कसली खूण?"

कागद अगदी चोख भरत होता. एकशे वीस बटणं महिनाभर पुरायला हवीत. सतराव्या दिवशी बरणीचा तळ दिसला.

मी बंडूला घेऊन अपराध्यासारखा दवाखान्यात गेलो. काट्यावर तो तीनशे ग्रॅम कमी भरला. डॉक्टरीणबाईंनी शाबासकी दिली. ती घेऊन परतताना मी वाटेत बेरीज करत होतो. सतरा चोक सत्तर नसतात, अडुसष्ट असतात. तरी बावन्न बटणं कमी होती, आणि ती या कुत्र्यात गेली नव्हती.

त्या रात्री पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात अंधारात दोन ठिकाणांहून कुडुम कुडुम आवाज येत होता. एक खालून, एक खुर्चीतून.

"अर्धं त्याला, अर्धं मला," आई म्हणाली. "मीठ नाही ना त्यात. डॉक्टरांना विचार हवं तर."

आता मी दोनशे चाळीस पाडतो.